अण्णा माझ्या गाडीत का बसत नसत

गौरवग्रंथाच्या संपादकांचा तिसरा निरोप आला, तेव्हा कुठे हा लेख लिहायला बसलो. बसलो म्हणजे काय, दोन ओळी लिहितो, उठतो, दारातल्या जीपचं बॉनेट उघडून पाहतो, पुन्हा येऊन बसतो. आश्रुबा मिस्त्री, म्हणजे आम्हा सर्वांचे अण्णा, पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. केज तालुक्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम त्यांच्यासारखं कोणी केलं नाही, हे लिहायला मला अर्धा मिनिटही लागत नाही. जे लिहायचं आहे ते मात्र लिहवत नाही. म्हणून पहिल्या भेटीपासून सुरुवात करतो.

तेव्हा मी केज-तेलगाव जीप चालवायचो. दर दोन दिवसांनी बॅटरी बसायची. तीन दुकानं फिरलो, नवी बॅटरी घातली, तीही बसली. शेवटी अण्णांच्या टपरीवर गेलो. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. डॅशबोर्डकडे पाहून विचारलं, "चार्जिंगचा दिवा कुठं गेला?"

"मीच काढला. लाल दिवा दिसला की पॅसेंजर भितात."

अण्णा हसले. "आरं, त्या दिव्यातनंच अल्टरनेटरला पहिला करंट जातो. त्याला जागंच होऊ देत न्हाईस, मग बॅटरी भरंल कोण?"

त्यांनी दिवा परत बसवला आणि बॅटरी भरायला लागली. मी तिथंच म्हणालो, मला हे काम शिकवा. ते म्हणाले, "शिकवीन. पर तू लई घाईचा हाईस."

आहेच घाईचा. जेवताना उभा, बोलताना चालता. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाही मी कामाच्या मागे पळत होतो. आठ दिवस दुपारी कोण येऊन तिच्या डोळ्यांत औषध घालतंय, हे मला आईनं सांगितलं तेव्हा कळलं. अण्णांनी त्याबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही. न बोलण्याची ही त्यांची सवय पुढे त्यांना आणि मलाही फार महागात पडली.

त्यांची कामाची एक रीत सर्वांना ठाऊक आहे. इंजिन बदललेली गाडी मालकाच्या ताब्यात देण्याआधी अण्णा स्वतः तिच्यात पुढच्या सीटवर बसत. हेडलाइट, पंखा, टेप, सगळं चालू. मांडीवर बॅटरीचा करंट मोजायचं मीटर. वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन आल्याशिवाय ते काम झालं म्हणत नसत. "ज्या गाडीत आपण बसत न्हाई, तीत दुसऱ्याला कावून बसवायचं?" असं ते विचारत.

आता ते काम. तेलगावचे भागवतराव ऊस आणि कापूस करतात. त्यांच्या पिकअपमध्ये आम्ही कंप्युटरवालं नवं इंजिन बसवलं. जुन्या गाडीतला अल्टरनेटर आपल्या मनानं बॅटरी भरतो. नव्या इंजिनाचा कंप्युटर मात्र त्याला किती भर, कधी थांब, हे स्वतः सांगतो आणि उत्तराची वाट पाहतो. उत्तर आलं नाही की दिवा लावून ठेवतो. अण्णांनी बजावलं होतं, "ह्या इंजिनाच्या जोडीचाच अल्टरनेटर मागव." तो यायला आठवडा होता. भागवतरावांच्या घरी लग्न होतं, त्यांचे फोनावर फोन. मी जुनाच चढवला. तो कंप्युटरचं ऐकेना, बॅटरी भरेना, दिवा विझेना. मग मी दिव्याची वायर कापली आणि ऑइलच्या दिव्याच्या वायरीला जोडली. किल्ली फिरवली की दोन्ही लागायचे, इंजिन चालू झालं की दोन्ही विझायचे. अण्णांना सांगितलं, नवा अल्टरनेटर मिळाला. मीटर मुद्दाम दुसऱ्या गाडीला लावून ठेवलं.

दिवा विझलेला पाहून अण्णा माझ्या भरवशावर बसले. भागवतराव चालवत होते. पाटोद्याच्या रस्त्याला एका उतारावर बॅटरी संपली, कंप्युटर बंद पडला, इंजिन मेलं, स्टिअरिंग जड झालं. भागवतरावांनी कशीबशी गाडी मुरमाच्या ढिगात घातली. कोणाला लागलं नाही. अण्णांनी रस्त्याच्या कडेलाच डॅशबोर्ड खोलून माझा जोड पाहिला.

टपरीवर आल्यावर भागवतरावांनी विचारलं, कुणाची चूक? अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वायर सुटली असंल." अण्णांनी मला खोटं पाडलं नाही. भागवतराव गेल्यावर ते म्हणाले, "दिवा विझवलास, बिघाड न्हाई. भागवतरावाला खरं सांगशील तवा तुझ्या हातच्या गाडीत बसंन."

याला अकरा वर्षं झाली. अण्णांनी मला हाकललं नाही, उलट कंप्युटरच्या इंजिनाचं एकूण एक शिकवलं. मी दुकान टाकलं तेव्हा ते चालत आले. माझ्या मुलीच्या लग्नाला मी गाडी पाठवली, ती रिकामी परत आली आणि अण्णा एसटीनं आले. इकडे भागवतराव सांगत फिरले, अण्णांचं वय झालं, नजर गेली. तेलगावच्या गाड्या अण्णांकडे यायच्या बंद झाल्या. मी हे कानांनी ऐकलं आणि मान खाली घालून चहा पीत राहिलो. लाज वाटायची, पण तोंड उघडायचं नाही.

आता गौरव समितीनं सत्काराच्या दिवशी अण्णांना सभागृहात आणायचं काम माझ्यावर टाकलं. मंगळवारी सकाळी मी त्यांच्या दारात गेलो. म्हणालो, "अण्णा, ह्या जीपचं इंजिन मीच बदललंय. अल्टरनेटर जोडीचा न्हाई, यायचाय. बॅटरी भरतीय, पर कंप्युटर मानत न्हाई. दिवा जळतोय, मी तो तसाच ठिवलाय. आन् तेलगावला निघालोय, भागवतरावाकडं."

अण्णांनी दारातूनच जीपकडे पाहिलं. मग चप्पल घातली. "मीटर घेतलंस का?"

ते पुढच्या सीटवर बसले. तेलगावपर्यंत तो लाल दिवा आम्हा दोघांच्या समोर जळत होता.

भागवतरावांच्या अंगणात अण्णा गाडीतच थांबले. मी आत जाऊन सगळं सांगितलं. भागवतराव खाटेवरून उठले. मला वाटलं, कानाखाली देतात आता. ते म्हणाले, "आन् मी अकरा वर्षं त्या माणसाला आंधळा म्हणत फिरलो रं." मला तिथंच सोडून ते अनवाणी जीपकडे गेले. अण्णांच्या बाजूचं दार उघडून त्यांनी हात जोडले. अण्णांनी विचारलं, "ऊस कसा हाय औंदा?"

लेख छापायला देण्याआधी अण्णांना वाचून दाखवला. हे काढू का, असं विचारलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तेलगावचे लोक वाचतील."

जोडीचा अल्टरनेटर आज आला आहे. संध्याकाळपर्यंत बसवीन. अण्णांची नजर आहे तशीच तीक्ष्ण राहो, जीपची पायरी चढायला त्यांचे गुडघे साथ देवोत, आणि आम्हा शिष्यांच्या गाड्यांत बसून आमच्या चुका काढायला त्यांना भरपूर वर्षं मिळोत. कार्यक्रमाच्या दिवशी नऊ वाजता गाडी त्यांच्या दारात असेल. दिवा विझलेला असेल की जळत असेल, हे आज सांगत नाही. जे असेल ते खरं असेल, अण्णा बसतील.