सुताराला पसंत पडलेली फांदी

अकोल्याच्या बाजारात परवा एका तरुण सुताराकडे बोट दाखवून कोणीतरी म्हणालं, "त्याले काम नोको देऊ, फांदीवाल्याचा नातू हाय तो." त्याच्या आजाने त्या फांदीला कधी हातही लावला नव्हता. हे सांगणारं माझ्याखेरीज कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडचा कापूस हातोहात उचलला जात होता, तेव्हाची गोष्ट. अमरावतीच्या परकोटाबाहेर गाड्यांना उभं राहायला जागा नव्हती. मी सडकेच्या कामावरच्या एका गोऱ्या साहेबाकडे होतो. त्याला फोटोचं वेड. बाजाराचे फोटो काढून झाले, मग त्याला जिवंत सुतार पक्षी हवासा झाला. बाजारालगतच्या जुन्या आंब्याच्या आडव्या फांदीत, खालच्या बाजूने, सोनेरी पाठीच्या एका जोडीने ढोली कोरली होती.

त्या काळी काच औषधात भिजवायची, ओली असेतोवर फोटो घ्यायचा आणि तशीच पळत नेऊन अंधाऱ्या तंबूत धुवायची. तेवढा वेळ पक्षी हलता कामा नये. "हिलना मत!" साहेब पक्ष्यालाच दरडावी. पक्षी शेपटीचा टेका देऊन बसे. चाहूल लागली की फांदीच्या पलीकडे सरके. मी दिवसभर खाली बसून बघत असे. तो चोचीने ठोकायचा, मान तिरपी करून थांबायचा, पुन्हा ठोकायचा. लाकूड बद्द वाजे. खाली पडणारा भुसा ओलसर, काळपट. चिमटीत धरला की पीठ होई. घर करायला त्याला आतून कुजलेलं लाकूडच लागतं, हे मला तिथे कळलं.

गाड्यांची चाकं दुरुस्त करणारा एक सुतार दुपारी त्या झाडाखाली भाकर खायला बसे. मला धाकट्या भावासारखं वागवी. वर बघून म्हणे, "काय म्हन्ते आमचा भाऊबंद? घर झालं काय त्याचं?" तेव्हापासून आमच्या बोलण्यात पक्षी नुसता 'सुतार' झाला. माणसाला मी दादा म्हणत असे.

एका सकाळी अडत्या आला. रुईचे डोकडे, म्हणजे मोठाली बोचकी, जोखायचा मोठा काटा त्याला त्या फांदीला टांगायचा होता.

"काहो फोटोवाले, तुमी रोज इथंच असता. फांदी पक्की हाय ना? सुतारानं पाह्यली काय?"

"पाह्यली म्हंजे? रोज ठोकून राह्यला. लय पसंत हाय त्याले!"

मला माझंच हसू आलं. अडत्या हसला नाही. हमालांना म्हणाला, "चढवा रे काटा, सुतार हो म्हन्ते."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब ओरडला. काच वाळत चालली होती. मी तंबूत पळालो. बाहेर आलो तेव्हा फांदीला दोर बांधून झाला होता आणि पक्षी उडाले होते. आता सांगितलं, तर साहेबाच्या पक्ष्यासाठी बहाणा करतो म्हणतील असं वाटलं. उद्या सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. डोकडा चढला की फांदी कुरकुरे आणि काट्याखालच्या मापाऱ्याच्या पागोट्यावर बारीक भुसा पडे. तो झटकून पुढचं वजन ओरडे. मी बघत होतो. दुपारी फांदी ढोलीपाशी मोडली. मापारी जागीच गेला.

"सुतार हो म्हनला होता," अडत्या चारचौघांत म्हणाला. दादाला चाकापासून ओढून आणलं.

"म्या? म्या तं हातई नाई लावला फांदीले," तो म्हणाला. मग त्याने मोडलेल्या ढोलीकडे पाहिलं, आणि माझ्याकडे. मी काच पुसत होतो. ती कोरडीच होती.

अमरावतीत त्याला पुन्हा कोणी काम दिलं नाही. तो अकोल्याला गेला. 'फांदीवाला' हे नाव त्याच्याआधी पोचलं होतं. बऱ्याच वर्षांनी, सगळं सांगायचं ठरवून, मी त्याच्या दारात उभा राहिलो. तो खाटेचा पाय तासत होता.

"निंघाला काय रे फोटो, तुह्या सुताराचा?"

"नाई, दादा. तो हालला. ढोली तेवढी निंघाली."

त्याने दुसरं लाकूड उचललं, बोटाने ठोकलं, कानाशी नेलं आणि बाजूला फेकून दिलं. मी तसाच परतलो.

आज हे सगळं त्याच्या नातवाला वाचून दाखवलं. त्याने हातातलं काम थांबवलं नाही.

"मले काहून सांगता?" तो म्हणाला. "बाजारात वाचा."

बाजार उद्या आहे.