उजेडात न ठेवायची बाटली

चारुशीलाबाईंना घास फार लागतो, हे सांगलीच्या मंडईत सगळ्यांना ठाऊक होतं. जनावरांना घालतात तो लसूणघास. एखाद्या नव्या गिऱ्हाइकानं विचारलंच, "बाईंच्यात म्हैस हाय का?" तर भाजीवाली हरणाबाई सांगायची, "हाय की. कॉलेजात बांधलीया. काचेची."

बाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. त्यांचं लहानपण वडूजला गेलं. वडील जनावरांच्या दवाखान्यात होते. चारा संपला की मेंढ्या बांधावरच्या घाणेरीच्या झुडपांचा पाला खात, आणि मग त्यांची नाकाडं, कान सुजून कातडी सोलून निघे. वडील औषध थोडंच देत. "सावलीत बांध, गड्या," एवढंच धनगराला सांगत. सावलीतली मेंढी बहुधा वाचायची, उन्हातली जायची. पाल्याच्या हिरव्या रंगातूनच पोटात काहीतरी तयार होतं, घाणेरीनं यकृत बिघडलं की ते रक्तात साठतं आणि ऊन पडेल तिथली कातडी जाळतं, हे बाईंना पुढे एम.एस्सी.ला कळलं. तेव्हापासून एकच विचार डोक्यात बसला. असा रंग नेऊन कॅन्सरच्या गाठीत बसवला आणि उजेड फक्त त्या गाठीवरच टाकला, तर?

परदेशात रक्तापासून काढलेल्या रंगावर असलं काम चाललं होतं. पण बाई देवाधर्माच्या, चातुर्मासात कांदाही वर्ज्य करणाऱ्या. खाटकाकडून रक्त आणायचं म्हटल्यावर त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी घास धरला. पाला वाटून स्पिरिटमध्ये हिरवा रंग उतरवायचा, अ‍ॅसिडनं त्यातलं मॅग्नेशियम काढायचं, मग त्या रंगाची लांब तेलकट शेपटी तोडायची आणि पाण्यात विरघळेल अशी दुसरी जोडायची. कुठली शेपटी जोडली तर रंग गाठीत जाऊन टिकेल, सगळी मेख तिथं. प्रत्येक नवा रंग आधी कृष्णेच्या पाण्यातल्या बारीक जिवांवर बघायचा. अंधारात ते जगले पाहिजेत, दिव्याखाली मेले पाहिजेत. बरीच वर्षं रंगांनी एक तर दोन्हीकडे मारलं, नाहीतर कुठंच नाही.

अठ्ठ्याहत्तर साली एक रंग जमला. पुण्यात एका प्रयोगशाळेत असलेले अनंतराव तो गाठी झालेल्या उंदरांवर बघायला तयार झाले. "दिवाळीच्या आत आणा हं," ते म्हणाले. "नंतर माझे उंदीर दुसऱ्या कामाला लागणार." इकडे प्राचार्यांनीही सांगून ठेवलं होतं, "बाई, या खेपेला काही निघालं नाही, तर तुमच्या प्रयोगांची ती मागची खोली मला मुलांच्या प्रॅक्टिकलला लागेल." म्हणजे सगळं त्या एका बाटलीवर आलं. बाईंनी ती फोटोग्राफरकडून आणलेल्या काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवली, आणि दसऱ्याला माहेरी, वडील निवृत्तीनंतर राहत त्या वाईला गेल्या.

खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या हत्यारांची पूजा बनुबाई मांडायची. बनुबाई पाटणकडची, नवरा फौजेत, इथं काचसामान धुवायला होती. तराजू, स्टँड, चिमटे, सगळं लख्ख करून ती खिडकीखालच्या टेबलावर लावायची, हळदकुंकू वाहायची, झेंडू ठेवायची. बाईंना ते मनापासून आवडे.

दसरा उलटल्यावर बाई परत आल्या. टेबलावर मधोमध, उघडीवाघडी, त्यांची बाटली होती. गळ्यात झेंडूची माळ, काचेवर कुंकवाचं बोट. आतला गडद शेवाळी रंग पातळ चहासारखा फिका झाला होता.

बाई स्टुलावर बसल्या. थोड्या वेळानं उठून त्यांनी त्यातला थेंब नदीच्या पाण्यात टाकला आणि दिवा लावला. भिंगाखाली सगळे जीव मजेत फिरत होते.

"काय झालं, बाई?" बनुबाईनं दारातून विचारलं.

"ही बाहेर कुणी काढली?"

"म्या. आवं, तुमी जिला लेकीवाणी जपताय, तिलाच कवा पूजा न्हाई. ताजव्याला हळदकुंकू, आन् ती आपली अंधारात. मला बरं वाटंना."

बाईंना रागवायचं होतं. 'हात लावू नका' हे त्या रोज सांगत आल्या होत्या. का, ते एकदाही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. बनुबाई खाली बसली. "म्हंजी उजेडानं मेली व्हय ती? माज्या हातनं?"

प्राचार्यांनी चौकशी केली. "त्या बाईला नोटीस देऊ का?"

"नको. तिला दिवाळीपर्यंत माझ्याकडे द्या," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बनुबाई डोक्यावर घासाचा भारा घेऊन आली. खिडक्यांना घोंगडी लावली.

"अंधारात वाटायचं व्हय हे?"

"व्हय," बाई म्हणाल्या. वडूजची बोली त्यांच्या तोंडी अशी कधीतरीच यायची. "आन् बोटं सांभाळा."

"बोटाचं काय, बाई. मला त्या बाटलीची भीती."

बाई ढवळता ढवळता रामरक्षा म्हणायच्या, बनुबाई गाळणं धरायची. एकदा अ‍ॅसिड जास्त पडलं आणि अर्धा माल नासला. उरल्यातून धनत्रयोदशीच्या आधी छोटी बाटली भरली, पहिलीच्या निम्मी. नदीच्या पाण्यातल्या जिवांनी कौल दिला: अंधारात जिवंत, दिव्याखाली मेलेले. बाई स्वतः ती पदराखाली धरून पुण्याच्या एसटीत बसल्या.

तुळशीचं लग्न झाल्यावर अनंतरावांचा ट्रंक कॉल आला. बाईंनी प्राचार्यांच्या खोलीतच तो घेतला. उजेड दिलेल्या गाठी काळ्या पडून वाळल्या होत्या. न दिलेल्या तशाच वाढत होत्या. पण रंग अंगातून लवकर उतरत नव्हता. आठवड्यानंतरही उंदरांना उजेड सोसेना. रंगाची शेपटी पुन्हा बदलायला हवी होती. अनंतराव म्हणाले, "करा, मी थांबतो." प्राचार्यांनी सगळं ऐकलं आणि खोलीचा विषय काढला नाही.

बाई बाहेर आल्या. बनुबाई पदराला हात पुसत उभी होती.

"पास का नापास, बाई?"

"वर ढकललंय," बाई म्हणाल्या. "एका विषयात परत बसायचं."

"मग बसू की," बनुबाई म्हणाली, आणि घोंगडी झटकायला घेतली.