बैलाचा दोर

मिस एर्लिंडाला (लग्न झालेल्या बाईलाही तिकडे मानाने मिसच म्हणतात) रागवायला कारण लागत नाही, असं किनाऱ्यावरच्या त्या गावात सगळे म्हणत. पण त्या सकाळी कारण होतं. तिची कोकोची बाग आणि दीर सेल्विनचं कुरण यांच्यामध्ये पोरोच्या झाडांचं जिवंत कुंपण होतं. चंद्र उतरणीला लागला की सारं गाव असल्या कुंपणांच्या फांद्या छाटतं. चढत्या चंद्रात छाटलं तर खोड कुजतं म्हणे. तिचा नवरा होता तोवर एकाआड एक झाड सोडायचा, कारण फांद्यांवरून जाणारी ती स्लॉथची, झाडांना उलटं लटकून राहणाऱ्या त्या संथ जनावराची, वाट होती. यंदा सेल्विनने सगळी झाडं साफ भादरली.

गाव या जनावराला आळशी म्हणतं, आणि ते ऐकलं की एर्लिंडाचं पित्त खवळायचं. खाल्लेलं पान पचायला ज्याला कित्येक दिवस लागतात, ते धावेल कशाच्या जोरावर? आठवड्यातून एकदा बुंध्याशी घाण करायला उतरायचं, एवढाच त्याचा जमिनीशी संबंध.

आता अंगावर शेवाळ धरून हिरवट झालेली एक मादी, छातीला पिल्लू बिलगलेलं, उघड्या कुरणात कोपरांवर सरपटत होती. ओढ्याकाठच्या ग्वारुमोच्या झाडाची पानं खायला निघाली होती बिचारी. सेल्विनचे कुत्रे तिच्यावर धावले. चुलीवरचा नारळाच्या दुधातला भात तसाच टाकून एर्लिंडा कोयता घेऊन सुटली.

"कुत्री आवर मेल्या! नाहीतर एकेकाची तंगडी मोडते!"

"एवढं काय वहिनी, उचलून टाकतो तिला पलीकडे," सेल्विन हसत म्हणाला.

"हात तर लावून बघ! तिची वाट तू मोडलीस, आणि वर उपकार करतोस? लाज कशी वाटत नाही रे?"

तोवर मादीने कुंपणाच्या शेवटच्या खोडाला मिठी मारली आणि ती वर चढली. वर ना पान, ना फांदी. ग्वारुमो समोरच होतं, पण हात पुरेना. खाली कुत्रे भुंकत होते, त्यामुळे उतरायचीही सोय नव्हती. पिल्लू शिटीसारखं किंचाळलं. एर्लिंडाला वाटलं, कोयता सेल्विनवरच चालवावा.

"कुरणात बांधलेल्या त्या बैलाचा दोर सोडून आण."

"आणि बैल?"

"त्याला पळता येतं. शिडी लाव आणि तूच बांध वर. छाटायला बरा चढलास!"

सेल्विनने खोडापासून ग्वारुमोपर्यंत दोर ताणून बांधला. मग कुत्रे घरात कोंडले. मादी हलेना. ऊन चढलं, भात करपल्याचा वास कुरणापर्यंत आला. एर्लिंडा तिथून उठली नाही.

शेवटी एक लांब हात निघाला, दोराला नख्या अडकल्या. मग दुसरा. पोटावर पिल्लू घेऊन, उलटी लटकत, ती सावकाश पलीकडच्या पानांत गेली. एर्लिंडाचे डोळे भरून आले आणि तिला त्याचाही राग आला.

तिकडे बैल शेजाऱ्याच्या मक्यात शिरला होता.

"वहिनी, आता सोडू का दोर?"

"पोरोला पुन्हा फांद्या फुटल्या की सोड. तोवर धाव बैलामागे."