खमिरावरचं मीठ

माझा मोठा भाऊ बेकरीत पीठ मळायचा, एकवीस वर्षं एकाच टेबलाशी. आम्ही त्याला दादा म्हणायचो, बेकरीतलेही दादाच म्हणायचे. मला लिहायची सवय नाही, बोलते तसं टाइप करते.

दादाकडे एक काचेची बरणी होती, खमिराची. पीठ आणि पाणी, बाकी काही नाही, पण जिवंत, पाव फुगवणारे जंतू असतात त्यात. रोज थोडं काढायचं, तेवढं पीठ घालायचं. मी झाकण घट्ट लावलं की ओरडायचा, "अगं श्वास घेऊ दे त्यांना, माझे कामगार आहेत ते."

चाळिशीत त्याला जुलाब लागले. मग रक्त पडायला लागलं. दिवसातून दहा-बारा वेळा पळायचा. तो उठला की भट्टीवाला ओरडायचा, "फाटक उघडा, गाडी आली!" दादा पळता पळताच म्हणायचा, "पाव जळाले तर येऊन तुलाच भाजीन."

दुर्बिणीने तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतड्यात सगळ्यांच्याच जंतू असतात, कामाचे असतात. तुमच्या शरीराला ते शत्रू वाटायला लागलेत. त्यांच्याशी लढता लढता तुमचंच आतडं सोलून निघतंय."

दादा म्हणाला, "म्हणजे माझं अंग माझ्याच खमिरात मीठ ओतून ते मारतंय."

"अगदी तसंच," बाई हसल्या.

त्याला कळलं. मी शेजारीच बसले होते, मला नाही कळलं. माझ्या डोक्यात एवढंच राहिलं की लढाई आहे, म्हणजे ताकद पाहिजे.

बाईंनी दिलेल्या गोळ्यांनी वर्षभरात फरक पडला. अंग भरलं. भट्टीवाला म्हणाला, "आता त्या फाटकाचं काय लोणचं घालू?"

मग एक दिवस मी गोळ्यांसोबतचा इंग्रजी कागद शेजारणीच्या मुलीकडून वाचून घेतला. त्यात होतं, प्रतिकारशक्ती कमी करते. माझं डोकंच फिरलं.

"दादा, लोक ती वाढवायला धडपडतात आणि तू कमी करायच्या गोळ्या खातोस?"

"अगं, माझी नको तिथे लढते, म्हणून."

"शक्ती कधी नको असते का कुणाला?"

वहिनी माझ्याच बाजूची. मी ताकदीचं औषध आणलं, बाटलीवर छापलेलंच होतं, प्रतिकारशक्ती वाढवते. माझ्यापुढे दादाचं कधी चाललं नाही. शिवाय बरंही वाटत होतं. सोडल्या त्याने गोळ्या.

तीन महिन्यांत रक्त परत सुरू झालं. मला वाईट वाटेल म्हणून बोलला नाही. टेबलापाशीच पडला. आतडं फाटलं होतं. ऑपरेशन केलं, पण तोवर विष अंगभर गेलं होतं. सहाव्या दिवशी गेला.

मी बाईंना विचारलं, माझ्या बाटलीने झालं का? त्या म्हणाल्या, "बाटलीचं सांगता येत नाही. पण गोळ्या सोडायला नको होत्या."

दादालाही विचारलं होतं, शुद्धीत होता तेव्हा. "माझ्यामुळे झालं ना रे?"

तो म्हणाला, "बरणीत पीठ घातलंस का?"

"नाही."

"मग इथे काय करतेस? जा."

बरणी आता माझ्याकडे असते. परवा भट्टीवाला खमीर न्यायला आला. म्हणाला, माझ्या मेहुण्यालाही तसल्याच गोळ्या दिल्यात, घरचे म्हणतात बंद कर. मी सांगायला बसले, पण तोंडाने होईना. म्हणून आता हे टाइप करतेय. त्याला म्हटलं, लिहून पाठवते, ते मेहुण्याला पाठव, आणि त्याने वाचलं की मला कळव. काहीही सोडायचं तर आधी डॉक्टरला विचारायचं, बहिणीला नाही.

मग त्याच्या डब्यात खमीर घातलं आणि झाकण सैलच ठेवलं.