दोन विटांवरचे पातेले

डॉ. गजाननराव वांगीकर यांना मी प्रथम पाहिले ते कोरेगावच्या गुरांच्या दवाखान्यात, बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. त्यांची बदली इस्लामपूरला झाली होती आणि त्यांचा चार्ज मी घेत होतो. त्यांनी कपाटातली एकेक बाटली दाखवली, कोणाच्या म्हशीला काय चालू आहे ते सांगितले आणि एस.टी.त बसले. मला वाटले, सुटलो. पण पुढे वर्षभर येणारा प्रत्येक शेतकरी दारातूनच विचारायचा, "वांगीकर डाक्टर न्हाईत व्हय?" नाहीत म्हटले की बैल आल्या पावली परत. मी काय तिथे माश्या मारायला बसलो होतो?

वांगीकरसाहेबांच्या गौरव समितीने 'साहेबांचे जुने स्नेही' म्हणून हा लेख माझ्याकडे मागितला. स्नेही हा समितीचा शब्द. मी साहेबांचा मत्सर करीत आलो आहे. त्यांचे अक्षर, त्यांचा हात, त्यांना पाहून शेपूट हलवणारी अनोळखी कुत्री, सगळ्याचाच. साहेबांच्या साठीला गोड गोड खोटे लिहिण्यापेक्षा हे लिहिलेले बरे.

दुष्काळ सरून दोन वर्षे झाली होती आणि मी उंब्रजला होतो. तिथे फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहत. त्यांचा राजा नावाचा कुत्रा एकाएकी झोकांड्या खाऊ लागला, एकाच अंगाने गोल फिरू लागला, हात लावला की चावायला धावू लागला. मला बोलावणे आले. राजाला कोंडलेल्या गोठ्यापुढे सारी आळी जमली होती. आपल्याकडे अशा वेळी पाण्याची परीक्षा घेतात. समोर पाणी ठेवायचे आणि कुत्रे पाण्याला तोंड लावीना की ते पिसाळले म्हणायचे. पाण्याचे भय पिसाळरोग झालेल्या माणसाला असते, कुत्र्याला नव्हे, हे मी कॉलेजात शिकलो होतो. पण शंभर डोळे माझ्याकडे लागले होते. मी पातेले सरकवायला लावले. राजा पातेल्यापाशी आला, थरथरला आणि कळवळून मागे सरला. मी म्हणालो, "पिसाळलाय. गोळी घाला."

सुभेदार बंदूक आणायला वळले तशी त्यांची बायको आडवी आली. "आवं, लेकरागत वाढवलाय त्येला! मी येस्तवर बंदुकीला हात लावला तर माझी आन हाय." तिचे माहेर इस्लामपूरचे. ती तडक एस.टी.त बसली आणि दुपार कलायच्या आत साहेबांना घेऊन आली. 

साहेब अर्धा तास गोठ्याच्या दाराबाहेरून नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, दोन विटा द्या." विटांवर पातेले ठेवून त्यांनी ते लांब बांबूने आत ढकलले. राजा आला आणि मान जराही न वाकवता घटाघटा पाणी प्याला.

"मान खाली होत नाही त्याची," साहेब म्हणाले. "पाण्याला नाही, दुखण्याला भितोय. मेंदूच्या आवरणाला सूज असावी."

"म्हंजी पिसाळला न्हाई?" सुभेदारांनी विचारले.

"तसं मी अजून म्हणत नाही. पिसाळलेलं कुत्रं दहा दिवस जगत नाही. दहा दिवस जवळ कुणी जायचं नाही. ज्याला लाळ लागली असेल त्यानं पोटातली इंजेक्शनं आजच सुरू करायची."

सुभेदारांनी चौदाही इंजेक्शने शिव्या देत घेतली. सूज उतरवणाऱ्या गोळ्या भाकरीत दडवून बांबूच्या टोकाने राजाला जाऊ लागल्या. आणि मी, खरे सांगतो, रोज सकाळी राजा मेल्याची बातमी येते का याची वाट पाहत होतो. तो मेला असता तर मी खरा ठरलो असतो. तिसऱ्या दिवशी तो पोटभर भाकरी खाऊ लागल्याचे कळले, तेव्हा मी वरच्या कार्यालयाला अर्ज लिहिला. वांगीकर यांनी पिसाळलेले कुत्रे जिवंत ठेवून गावाचा जीव धोक्यात घातला आहे, असा. खाली सही केली आणि स्वतः पेटीत टाकला.

अकराव्या दिवशी साहेब पुन्हा आले. राजाला गुंगी देऊन त्यांनी मानेमागून सुईने मेंदूभोवतीचे पाणी काढले. त्याचे डोके मी धरले होते. पाणी गढूळ निघाले. सूक्ष्मदर्शकाखाली सुजेच्या पेशी दिसल्या, जंतू दिसले नाहीत. गोळ्या पुढे कित्येक महिने थोड्या थोड्या कमी करीत चालू ठेवल्या आणि राजा बरा झाला. "तुम्ही डोकं हलू दिलं नाहीत म्हणून जमलं," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. माझा अर्ज तोवर पोहोचला होता.

अशा अर्जावर, ज्याच्याविरुद्ध तो असतो त्याचाच खुलासा मागवतात, हे मी रागाच्या भरात विसरलो होतो. चौकशी संपेपर्यंत साहेबांची बढती वर्षभर रखडली. त्यांचा खुलासा मला पुढे एका कारकुनाने दाखवला. त्या सुंदर अक्षरात लिहिले होते, 'कुत्रे वेगळे बांधून दहा दिवस पाहण्याचा सल्ला मूळ उंब्रजच्या डॉक्टरांचाच होता.' उंब्रजचा डॉक्टर म्हणजे मी, आणि माझ्या 'गोळी घाला'चा त्यात उल्लेखही नव्हता. साहेबांनी कागदावर लिहिलेले माझ्या माहितीतले हे एकच खोटे.

मी इस्लामपूर गाठले आणि असे का केलेत म्हणून विचारले. साहेब म्हणाले, "तुमच्यासमोर जमाव होता. मी आलो तेव्हा तो पांगला होता. त्या गर्दीत मीही कदाचित तेच म्हटलं असतं." त्यांनी तसे म्हटले नसते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही या माणसाने. क्षमा मागायला गेलो होतो, ती न मागताच परतलो. ती आज मागतो.

साहेबांना उदंड आयुष्य लाभो, असे मीही म्हणतो. पण माझी प्रार्थना इतरांसारखी निःस्वार्थी नाही. आमच्या या दोन जिल्ह्यांत कुत्र्याच्या मेंदूचे दुखणे निघाले की लोक आधी साहेबांचे नाव घेतात आणि मग त्यांचेच पाहून शिकलेल्या माझे. ते नसतील तर आधी माझे घेतील, आणि ते मला आवडेल. तेवढा हलकेपणा माझ्यात अजून शिल्लक आहे. त्याला संधीच मिळू नये म्हणून साहेबांनी ठणठणीत राहावे, शंभरी पाहावी आणि मला पोचवून मगच जावे.