विस्थापिताला मत नसते

"काका, तुम्ही विस्थापित व्हा. तुमच्या चेहऱ्याला ते अगदी शोभेल."

मॅडम हसत म्हणाल्या. पडद्यावरचे सगळे चौकोन हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज अजून वाटते.

त्रेपन्नाव्या वर्षी मी ऑनलाइन बी.ए. करतो आहे. मायनर, म्हणजे जोडविषय, जागतिक सुरक्षा. महाडला एका वकिलांकडे मी टंकलेखन करतो. वर्ग रविवारी सकाळी, घरून. घर म्हणजे पोलादपूरला रस्त्यालगतची पत्र्याची खोली. डोंगरावरच्या आमच्या वाडीवर दरड आली, तेव्हापासूनची. तात्पुरती. माणूस कुठे सुरक्षित आहे हे नेमके कोण ठरवते, ते कळावे म्हणून मी हा विषय घेतला.

त्या रविवारी सुरक्षा परिषदेची नक्कल होती. प्रत्येकाला एक देश. दरवाजाबाहेरच्या चिखलाला ज्याचा पाय कधी लागला नसेल, असा एक मुलगा फ्रान्स झाला आणि निर्वासितांवर बोलू लागला. मला देश नव्हता. एक वाक्य होते: 'आपल्या मदतीबद्दल आम्ही ऋणी आहोत.'

मी ते म्हटले. हात जोडून. आवाजात थोडा कंपही आणला.

"किती नॅचरल!" फ्रान्स म्हणाला.

पाठीमागे पत्नी भाकरी थापत होती. "अवो, कुनाचं आभार मानताव? कोन काय देऊन गेला?"

"अभ्यास आहे."

"ह्यो अभ्यास तुमचा झालेलाच हाय की. आमाला तुमीच तर शिकवलांत."

ती खरे बोलत होती. दरडीनंतर चादरी आल्या, चादरींमागून साहेब आणि कॅमेरे आले. वाडीत शुद्ध बोलणारा मीच. लोकांना रांगेत मीच उभे केले. हात जोडा, आभार माना, हसू नका. शेजारच्या काकीने विचारले होते, "घर कदी देनार, ता इचार ना रे." मी तिला दटावले. "काकी, आता नको, साहेब घाईत आहेत." आणि चादर तिच्या हातात कोंबली.

मॅडमनी मला नवे काही दिले नव्हते. ती भूमिका मला पाठ होती. इतरांकडूनही मी ती घोकून घेतली होती. वर्गातल्या त्या गुळगुळीत मुलांचा मला तिरस्कार वाटला; स्वतःचा अधिक.

पुढच्या रविवारी ठराव आला. विस्थापितांना त्यांच्या जमिनीपासून दूर, दुसऱ्या प्रांतात वसवायचे. हात वर होऊ लागले. मी माइक सुरू केला.

"आम्हाला कोणी विचारलेले नाही. मला मत हवे."

"काका, नियमात विस्थापितांना मत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही फक्त शेवटी आभार माना. त्यालाच गुण आहेत. नाहीतर मायनर अडकेल."

"अडकू द्या. मी आभार मानणार नाही."

"काका सीरियसच झाले!" फ्रान्स.

"हो," मी म्हणालो. "एवढ्या देशांत कोणीतरी व्हायला हवे होते."

माझा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नाही. पण त्या दिवशी तो कापलाही नाही.

संध्याकाळी काकीच्या खोलीवर गेलो. चादरी वाटल्या त्या दिवशी तुला गप्प केले ते चुकले, म्हणालो. तिने क्षमा केली नाही. तांदूळ निवडत राहिली.

"मंग आता इचार," म्हणाली.

"तूच विचार. मी मध्ये बोलणार नाही."

सोमवारी तिला तहसील कचेरीत नेले. मी टंकलेला अर्ज धरून उभा राहिलो. प्रश्न तिने विचारला, तिच्या बोलीत, खुर्चीवर बसून. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी काकीकडे बोट केले. पुढची तारीख मिळाली. त्या तारखेला सारी वाडी जाणार आहे.

मायनरमध्ये मी नापास झालो. पुढच्या सत्राला तोच विषय पुन्हा घेतला आणि मॅडमना कळवले: ज्याला मत नाही असा कोणीही मी होणार नाही. हवे तितक्या वेळा नापास करा.