सुबाभळीचे दांडे

लग्नाहून परतलो आणि घराच्या पुढच्या भागातल्या माझ्या दुकानात फरशीवर पडलेला लाकडाचा तुकडा उचलला. तुकडा फार हलका होता.

वीतभर लांबीचा, गोल, वर चकचकीत पॉलिश. कुऱ्हाडीच्या दांड्याचं कापून उरलेलं टोक होतं ते. कापलेल्या बाजूला नख दाबलं तर खूण उमटली. गालाला लावलं तर गार लागलं, म्हणजे आत अजून ओल होती. मांडणीकडे पाहिलं. गंज काढून, धार लावून मी तयार ठेवलेली कुऱ्हाडीची पाती तिथं नव्हती.

"एमैंदी?" बायकोनं आतून विचारलं. आमच्या घरात तेलुगू चालते. काय झालं, असं विचारत होती.

"पाती कुठं गेली?"

"तुम्ही लग्नाला गेलात आणि देशमाने साहेब आले. त्यांना घाई होती. दांडे तयार करून आणले होते. इथंच बसवले आणि घेऊन गेले."

"दांडे कशाचे?"

"बाभळीचे. तेही साध्या नाही, सुबाभळीचे. 'सु' म्हणजे चांगली, असं मला समजावून पण सांगितलं."

मी कपाळावर हात मारून घेतला.

सोलापुरात मी आयुष्यभर यंत्रमागांवर जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावानं सगळे ओरडतात तो माणूस. ते काम सुटल्यावर जुनी अवजारं दुरुस्त करायला लागलो, त्यात कुऱ्हाडीच जास्त. जुन्या पात्याचं पोलाद बहुतेक वेळा चांगलं असतं. त्याचा गंज उतरवायचा, कानशीनं धार सरळ करायची, दगडावर फिरवायची, की ते पुन्हा कामाला लागतं. खरी परीक्षा दांड्याची. दांड्याला प्रत्येक घावाचा हिसका सोसायचा असतो. लाकूड कठीण हवं, पण काचेसारखं नको. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हवी, आणि ते पूर्ण वाळलेलं हवं. ओला दांडा बसवला तर तो वाळताना आकसतो आणि पातं ढिलं होतं.

आपल्याकडं हे काम गावठी बाभूळ करते. सुबाभूळ तिची नुसती नावाची बहीण. भराभर वाढते, शेळ्या आवडीनं खातात, कागदाच्या कारखान्यात जाते. कोवळ्या झाडाचं लाकूड तर दांड्याच्या कामाचंच नाही. उलट रस्त्याकडेला माजते ती वेडी बाभूळ. तिला सगळे नावं ठेवतात, पण तिचं लाकूड हिच्यापेक्षा कितीतरी चिवट. यातली शहाणी कुठली आणि वेडी कुठली हे ज्यानं ठरवलं, त्यानं कधी कुऱ्हाड चालवली नसावी.

देशमाने एका ठेकेदाराकडं सुपरवायझर. विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या तोडायचं काम त्यांच्याकडं होतं. फांद्या तोडणारी माणसं अक्कलकोटकडची, त्यांचा म्होरक्या बिराप्पा. कुऱ्हाडी या लोकांच्या स्वतःच्या, बापजाद्यांच्या. मी लग्नाहून आल्यावर वाळल्या बाभळीचे दांडे बसवून देणार होतो. साहेबांना तेवढा दम निघाला नाही.

"आज कुठं काम आहे त्यांचं?"

"विजापूर रोडच्या पलीकडच्या कॉलनीत. लाइन बंद घेतलीय म्हणाले."

देशमानेंना फोन लावला. बिझी. बिराप्पाला लावला. रिंग वाजत राहिली. झाडावर चढलेला माणूस फोन कुठला उचलतोय! स्कूटर काढली. रस्ताभर डोळ्यांपुढं एकच चित्र येत होतं, दांड्यातून निसटून खाली येणारं पातं. मला खरंच भीती वाटत होती.

कॉलनीत पोचलो तर बिराप्पा कडुलिंबावर उंच, एक पाय बेचक्यात, कुऱ्हाड चालूच. आणि बरोबर त्याच्या खाली त्याची बायको लगमव्वा तोडलेल्या डहाळ्या ओढत होती. पाला वाया जाऊ नये म्हणून तिनं शेळ्याही बरोबर आणल्या होत्या. सगळा कळप झाडाखाली मान घालून चरत होता.

"बिराप्पा, हात थांबव!" मी ओरडलो. वर ऐकू गेलं नाही.

लगमव्वा म्हणाली, "काय झालं मामा?"

"आधी तू बाजूला हो. शेळ्या पण काढ."

"आत्ता कुटं खायला लागल्यात की!"

"अगं, वरचं पातं निसटलं तर कुणाच्या डोक्यात पडेल?"

तिनं एकदा वर पाहिलं. पुढं काही विचारलं नाही. तोंडाला पदर होता तो खाली ओढून तिनं कानडीत हाळी दिली, "केळग इळीरी!" म्हणजे खाली उतरा. माझ्या बोंबलण्यानं न थांबलेला हात बायकोच्या एका हाकेसरशी थांबला.

बिराप्पानं कुऱ्हाड दोरीला बांधून खाली सोडली आणि मागोमाग उतरला. मी पातं धरून हलवलं. डुगडुगत होतं.

"हे कधीपासनं?"

"सकाळधरनं. म्हनून बादलीत बुडवून काडली. तवा जरा घट बसली."

ही आपल्याकडची जुनी खोड. ढिली कुऱ्हाड पाण्यात बुडवायची. लाकूड फुगतं, घट्ट वाटतं, माणूस निर्धास्त होतो. वाळलं की आधीपेक्षा जास्त ढिलं. मी पॉलिश खरवडलं. पात्याच्या खाली, जिला आम्ही दांड्याची मान म्हणतो तिथं, केसाएवढी बारीक चीर गेली होती.

तेवढ्यात देशमाने कानाचा फोन काढत आले. "काय मामा, काम का थांबवलं?"

"हे दांडे काढायला लागतील."

"का? एक नंबर लाकूड आहे. साधी बाभूळ असती तर गोष्ट वेगळी. ही सुबाभूळ आहे."

"साहेब, सगळ्यांना मागं घ्या."

शेळ्या हाकलल्या, माणसं लांब उभी केली. पडलेल्या जाड फांदीवर मी बेताचा घाव घातला. मग दुसरा. दुसऱ्याला दांडा मानेत कडकन मोडला. पातं उडालं आणि मघाशी शेळ्या चरत होत्या तिथं मातीत रुतलं. माझ्या हातात नुसती काठी राहिली.

देशमानेंचा चेहरा पांढरा पडला होता. लगमव्वानं मोडका तुकडा उचलून उलटासुलटा केला.

"कशाचं म्हनला हे?"

"सुबाभूळ."

"आगं बाई! ती तर शेरडांची की! शेरडाचा चारा माज्या मालकाच्या हातात दिला व्हय सायेब?"

माणसं हसली. बिराप्पा मात्र ओशाळला. "मला नुसतं बाभूळ म्हनून सांगितलं मामा. साल न्हाय, पान न्हाय, वर पालिश. कसं वळखायचं?" त्याचं खरं होतं. पॉलिशखाली बाभूळ काय आणि सुबाभूळ काय! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. हा दांडा झाडांचं गोत सोडून आमच्याच गोताला काळ व्हायला निघाला होता.

देशमाने माणूस वाईट नाही. त्यांनी वाद घातला नाही. हळू आवाजात एवढंच म्हणाले, "मामा, माझी चूक झाली. पण लाइन संध्याकाळपर्यंतच बंद मिळालीय. अख्खी कॉलनी पंख्याविना बसलीय. आज नाही झालं तर परत सगळ्यांना उकडत बसवायचं. चार कुऱ्हाडी जरी उभ्या राहिल्या तरी भागेल."

मे महिना होता. सोलापूरचा मे म्हणजे काय, ते मी सांगायला नको. पण चांगले दांडे आणायचे कुठून? माझ्याकडची बाभूळ अजून अख्ख्या ओंडक्यांत होती. त्यातून दांडे काढायला दोन दिवस गेले असते.

मग मला घरचा माळा आठवला. मागावर धोटा असतो, तो धागा घेऊन या टोकाहून त्या टोकाला पळतो. त्याला दर खेपेला फटका मारते ती पिकिंग स्टिक. कमरेएवढी लाकडी काठी. तिचं काम दिवसभर हिसके खाणं आणि न मोडणं. चांगल्या काठ्या हिकरी नावाच्या परदेशी लाकडाच्या यायच्या. माग भंगारात गेले तेव्हा मी त्या काठ्या ठेवून घेतल्या. बायको त्यांना माळ्यावरचा कचरा म्हणते.

पाती आणि बिराप्पाला घेऊन दुकानात आलो. देशमानेही आले. घाईघाईत म्हणाले, "दांडे काढत कशाला बसता? पाती जाळात टाकू. लाकूड जळून जाईल."

"आणि पात्याचं पाणी उतरेल."

पाणी म्हणजे पोलादाचा कडकपणा. तापवून, पाण्यात विझवून तो आणतात. परत जाळात घातलं की गेला. मग धार लिंबू कापायलाही टिकत नाही. देशमानेंनी हात मागं घेतला आणि नंतर दिलेली पकड मुकाट धरून बसले.

जुने दांडे करवतीनं कापले, नेढ्यातून, म्हणजे पात्याच्या भोकातून, ठोकून बाहेर काढले. पिकिंग स्टिकची झिजलेली टोकं उडवली. काठी मुळातच चपटी. हातात फिरत नाही, म्हणजे दांड्याला हवी तशीच. वरचं टोक कानशीनं नेढ्याच्या मापाचं केलं, चीर पाडली, पातं बसवलं, चिरेत वाळल्या बाभळीची पाचर ठोकली. प्रत्येक कुऱ्हाड आधी मी दुकानामागच्या ओंडक्यावर जोर लावून चालवली. मग बिराप्पानं. शेवटची खाली ठेवून तो म्हणाला, "हलकी न्हाय, पर हाताला झिनझिन्या येत न्हाईत. लई झ्याक." चहा देताना बायकोनं माळ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदाच कचरा हा शब्द उच्चारला नाही.

दुपार कलता बिराप्पा पुन्हा झाडावर चढला. मी घरी जाऊ शकलो असतो. गेलो नाही. खाली उभा राहून प्रत्येक घावाचा आवाज ऐकत होतो. सगळे खणखणीत. या वेळी शेळ्या लांब बांधल्या होत्या आणि लगमव्वा पाला वाहून नेऊन त्यांच्यापुढं टाकत होती. शेवटची फांदी पडली, माणसं एकेक करून उतरली, तेव्हा मी कट्ट्यावर बसलो. इतकं बरं मला पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं.

अंधार पडायच्या आत लाइट आली.

उरलेल्या कुऱ्हाडींना मी पुढं रीतसर बाभळीचे दांडे बसवले. देशमाने अजून लाकूड घेऊन येतात. आता नाव सांगत नाहीत, नुसतं टेबलावर ठेवतात. मीही विचारत नाही. वजन घेतो, नख दाबतो, रेषा बघतो, दगडावर आपटून आवाज ऐकतो. नाव त्यानंतर विचारलं तरी चालतं. फक्त हे सगळं माणूस जमिनीवर असताना करायचं.